गेटवरची धावपटू

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत गेटवर चाळिशीची एक बाई ड्युटीला होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. टीव्हीवर ऑलिंपिकच्या शर्यती पाहून मला हुरूप आला, महागडे बूट घेतले आणि रोज सकाळी आवारात धावू लागलो. ती माझ्या पायांकडे बघत राहायची.

एकदा म्हणाली, "साहेब, टाच आपटू नका. गुडघे जातील."

"तुम्हाला काय माहीत?"

"चारशे मीटरला जिल्ह्यात पयली आलेली हाय मी. लग्नानंतर सासरे बोलले, आपल्यात बायका धावत नाय."

"मग दाखवा की धावून!"

तिने चपला काढल्या, साडी खोचली आणि इमारतीला फेरी मारली. मी थक्क होऊन पाहत राहिलो. परतली तेव्हा ती लहान मुलीसारखी हसत होती.

गेट सोडल्याची तक्रार झाली. कमिटीच्या बैठकीत तिला काढायचं ठरलं. मीही तिथे होतो, गप्प बसलो.

जाताना ती हळूच म्हणाली, "तुमी सांगितलंत म्हणून धावली, हे मी कोणाला बोलली नाय."