मुसाउचं मडकं

लुलुआ नदीकाठच्या आमच्या गावात मुसाउला माती दिली तेव्हा बायकांनी गळा काढला. मी नाही काढला. त्या बाईचं तोंड आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

दिसायला किरकोळ, पण घरात तिच्यापुढे कुणी चकार शब्द काढत नसे. गावातल्या बाळंतिणींचा काढा तिच्याच हातचा. कलाता-कलाताचं रोप आमच्याकडे वाटेवर पायाखाली येतं, कुणीही उपटावं. पण उकळायचं मुसाउने आणि पाजायचंही तिनेच. चार घोट पोटात गेले की थंडावलेल्या कळा जोर धरतात. आणि बाई अडली म्हणजे तिने परक्या पुरुषाचं नाव लपवलंय, अशी आमच्याकडची समजूत. आधी नाव, मग काढा.

माझी थोरली बहीण चियेला तिची सून. एका सकाळी चियेलाला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. मुसाउ चुलीपाशी ठाण मांडून बसली.

"नाव बोल, पोरी."

"कुणी नाही, आई. तुमच्या न्गांडुशिवाय मी कुणाला जवळ केलं नाही."

"मग पोर काय उगीच अडलंय? कोण तो?"

"मेले तरी खोटं बोलणार नाही."

"मग बस कुंथत!"

मी हातापाया पडले. "मावशी, आधी पाजा तरी! मग काय विचारायचं ते विचारा."

"तू गप गं. फार तोंड चालतं तुझं."

मडकं रटरटत राहिलं. काढा आटत आटत काळाकुट्ट झाला. दुपार कलली, चियेलाचा आवाज बसला, तेव्हा कुठे मुसाउ घाबरली. "इतकं उकळल्यावर यात काय डोंबल राहिलंय," म्हणत तिने अख्खं मडकं चियेलाच्या घशात ओतलं.

आम्ही भाजीला वापरतो त्या कसाव्याच्या पाल्याचं विष उकळून उतरतं, तसं याचंही उतरेल असं तिला वाटलं. आम्हालाही तसंच वाटायचं. पुढे मी दवाखान्यात कामाला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या रोपातलं कळा आणणारं द्रव्य बांगडीसारखं गोल जुळलेलं असतं, त्याला सुटं टोकच नाही. उकळीने ते तुटत नाही, फक्त पाणी आटतं आणि काढा जहाल होतो. चियेलाच्या कळा सुरू झाल्या त्या थांबेचनात. आतून फाटली ती. पोरगी वाचली, माझी बहीण गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात रडारड चालली होती. पुरुष आंब्याखाली बसले होते. मुसाउ म्हणाली, "नाव पोटात ठेवलं, त्यानेच खाल्लं तिला."

मी ताडकन उठले. "तुम्ही खाल्लंत तिला! कुणी नव्हतंच, तर नाव कुणाचं सांगणार होती ती?"

"सांगायचं एखादं!" ती खेकसली. "जीव जात असताना खोटं बोलायला काय धाड भरली होती तिला? मी नव्हतं घेतलं खोटं नाव?"

न्गांडुच्या वेळी मुसाउ स्वतः अडली तेव्हा तिने धाकट्या दिराचं, बेयाचं नाव घेतलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने, काटेंडेने, त्या सख्ख्या भावाला कोयता घेऊन गावाबाहेर हाकललं होतं. बेया पुढे हिऱ्यांच्या खाणीत दरडीखाली मेला, तर काटेंडे त्याच्या मातीलाही गेला नाही.

म्हातारा काटेंडे आंब्याखालून उठून आमच्यापाशी आला.

"बेयाचं नाव खोटं होतं?"

काटेंडेने पुन्हा तेच विचारलं, मग पुन्हा. मुसाउ मातीत बसली होती, आणि मला तिची जराही कीव आली नाही.