कमानीचं दुसरं टोक

कपाट आवरताना डिंकाने जोडलेले दोन फुलस्केप कागद सापडले. भाषाशास्त्र शिकत असताना मी आत्याचं बोलणं टिपून आणायचो. वाक्यात एकमेकांपासून लांब पडलेले, तरी एकमेकांशी बांधलेले शब्द शोधायचे आणि पेन्सिलीने कमान काढून जोडायचे, हे आमचं काम. आत्या म्हणाली होती, "जी विहीर तुझ्या आजोबांनी खणली," आणि मग गवंडी, त्याची भांडकुदळ बायको, हरवलेली म्हैस असं सगळं सांगून झाल्यावर शांतपणे परत आली होती, "ती अजून आटली नाही." कमान एका कागदावर मावेना, म्हणून दुसरा चिकटवला. सर म्हणाले होते, वाक्य पुरं होईपर्यंत कमानीचं पहिलं टोक बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्यालाही धरून ठेवावं लागतं.

आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं. "तू ज्या फणसाखाली बसून लिहायचास ना," तिने सुरुवात केली आणि म्हणाली, "थांब हं, दूध उतू जातंय." मी घाईत होतो. फोन ठेवून दिला, उद्या करीन म्हटलं. पंधरा दिवसांत ती गेली.

आज त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिचं ते वाक्य लिहिलं. फणसापासून कमान वर नेली. पेन्सिल खाली कुठे टेकवायची, कळेना.