फर्मची चतुःसीमा

परतूरच्या रजिस्ट्री ऑफिसाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, तातेराव एकतीस वर्षं खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं लिहीत बसले आहेत. आता छपाई कॉम्प्युटरवर होते, पण मजकूर अजून तातेरावांचाच. नाव, वय, गट नंबर हे सगळं ते नंतर विचारतात. आधी चतुःसीमा. "पूर्वेला कोण? पश्चिमेला कोण?" असं करत चारी दिशा पुऱ्या झाल्याशिवाय पेनाचं टोपण निघत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर तातेराव आणखी सावकाश होतात. "जमीन घेतली म्हंजे शेजार घेतला," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आणि माणसंही अशी, की स्वतःचं वय बिनदिक्कत खोटं सांगतील, पण उत्तरेला कुणाचा बांध आहे म्हटलं की डोकं खाजवत बसतील.

अशा माणसाच्या पोरीला, अक्षताला, मुंबईच्या दोन बड्या लॉ फर्मनी एकाच आठवड्यात नोकरी देऊ केली. संभाजीनगरला पाच वर्षं कायदा शिकून ती नुकतीच घरी आली होती. दोन्हीकडे काम तेच, कंपन्यांचे करारमदार. दोन्हीकडे शेकड्यांनी वकील. शुक्रवारी पाचच्या आत एकीला हो आणि दुसरीला नाही कळवायचं होतं, आणि एकदा नाही म्हटलं की ते दार कायमचं बंद.

घरात आनंद मावत नव्हता, पण गोंधळही काही कमी नव्हता. एक फर्म परळला, दुसरी फोर्टात. अक्षताची आई बेबीनंदा लगेच म्हणाली, "परळीच बरी माय. रेल्वेनं जल्दी येता-जाता येतं." ही परळी वैजनाथ नव्हे, मुंबईचं परळ, हे समजल्यावर तिचं त्या फर्मवरचं मनच उडालं. तातेरावांचा शाळूसोबती कचरू त्यापुढचा. "फर्म कशाची? कापसाची का तुरीची?" त्यानं शेडमध्ये विचारलं. परतूरच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, फर्म म्हणजे आडत दुकान, त्याची तरी काय चूक! तातेरावांनी मोबाईलवर परळवालीची इमारत दाखवली. सगळी काच, आभाळात घुसलेली. कचरू बोटानं मजले मोजायला लागला, बाविसावर चुकला आणि पुन्हा खालून सुरू झाला.

खरं सांगायचं तर तातेरावांचं मनही त्या काचेवरच जडलं होतं. अक्षताच्या मैत्रिणीही तेच म्हणत होत्या: परळवालीचं नाव मोठं, तिथं कुणी नाही म्हणतं का? अक्षतानं मात्र लॅपटॉपवर तक्ता मांडला होता. नाव, काम, शिकायला काय मिळेल, पुढं वाट कशी, प्रत्येकाला गुण. बेरीज दोन्हीकडे सारखी आली.

"पप्पा, मला भीती वाटून राह्यली," ती गुरुवारी दुपारी म्हणाली. "दोन्ही चांगल्याच हायत. पण चुकीच्या जागी पडले, तर एवढ्या गर्दीत मला कुणी विचारणार बी न्हाई. घरी येऊन रडण्याइतकं जवळ न्हाई ते."

तातेरावांना काय सांगावं कळेना. त्यांनी उगाच विचारलं, "तू तिथं लिहिणार काय, ते तरी दाखव." तिनं अभ्यासाला दिलेला एक नमुना करार उघडला. एका कंपनीनं दुसरी कंपनी विकत घेतलेली, पानं एकशे शहाऐंशी. तातेराव चष्मा पुसून बसले. ती मराठीत सांगत गेली आणि ते ऐकत गेले. पहिली बावीस पानं नुसती शब्दांचे अर्थ. त्यात 'दिवस' म्हणजे काय, याचाच एक परिच्छेद होता.

"दिवस म्हंजे काय, हे बी लिवून ठिवलंय?" तातेरावांनी विचारलं.

"हां. न्हाईतर उद्या कुणी म्हणंल, रविवार धरला न्हाई."

तो परिच्छेद तातेरावांनी तिच्याकडून पुन्हा सांगून घेतला. एकतीस वर्षांत 'दिवस' या शब्दावर आपल्याला कधी शंका आली नाही, याची त्यांना लाजही वाटली. जिला आपण बोट धरून बाराखडी गिरवायला लावली, तिला हे सगळं कळतं, हे त्यांना खरंच वाटेना. मग एकदम त्यांनी विचारलं, "पर कंपनीला चतुःसीमा काय लिवतेत गं?"

अक्षता हसली. "कंपनीला पूर्व-पश्चिम कुठली, पप्पा?"

"शेजार न्हाई म्हंतीस? मंग घेणाऱ्याला कळतं कसं, कुठं येऊन पडला ते?" अक्षतानं पुढचं पान उघडलं, आणि तो विषय तिथंच राहिला.

शुक्रवारी घरात बसवेना, म्हणून ती शेडमध्ये येऊन बसली. कचरू भावाबरोबरच्या वाटणीपत्रासाठी आला होता आणि उत्तरेच्या बांधाशी अडला होता. तातेराव त्याला सोडत नव्हते. अक्षता बघत होती. बघता बघता तातेराव तिच्याकडे वळले आणि तोंडातून निघून गेलं, "तुझी सांग. परळवालीत तुझ्या पूर्वेला कोण बसंल? पश्चिमेला कोण? तू लिवलेलं आधी वाचणार कोण? आन अडलीस तर हाक मारायची कुणाला?"

अक्षतानं सगळे रकाने मनात चाळले. तक्त्यात हा रकानाच नव्हता.

तिनं परळवालीला फोन लावला. तिकडून फार अदबीनं सांगितलं गेलं, की टीम रुजू झाल्यावर ठरेल, जागा रोज बदलते, काळजी नसावी. तातेरावांनी मनात जीभ चावली. ती काचेची इमारत त्यांच्याच प्रश्नानं हातची चालली होती. आपण कशाला तोंड उघडलं, असं त्यांना झालं.

फोर्टवालीत तिची मुलाखत घेतलेल्या संध्या मॅडम स्वतः फोनवर आल्या. शेडमधल्या गलबल्यात ऐकू येईना, म्हणून अक्षतानं स्पीकर लावला. प्रश्न ऐकून मॅडम इंग्रजी सोडून मराठीतच बोलायला लागल्या. "डाव्या हाताला तृप्ती, गेल्या वर्षी आलेली, नांदेडची. उजवीकडे देवानंद, त्याला कंपनी कायद्याची कलमं पाठ आहेत. तुमचा प्रत्येक मसुदा पहिलं वर्षभर मी वाचणार, लाल पेनानं. आणि हाक मलाच मारायची, दार उघडं असतं. पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कुणी शिकवला?"

"माझ्या वडलांनी. ते मसुदे लिहितात. जमिनींचे. एकतीस वर्षं."

"अस्सं!" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे या कामात तुम्ही दुसऱ्या पिढीच्या."

पाच वर्षं कॉलेजात अक्षताच्या नावापुढं वकिलीतली 'पहिली पिढी' हेच लागत आलं होतं, कौतुकानंही आणि कीव म्हणूनही. कॉलेजच्या फॉर्मवर वडलांच्या धंद्याच्या रकान्यात तातेरावांनी स्वतःच तिला 'मजुरी' लिहायला लावलं होतं, शेडमध्ये बसणं हा काही धंदा नव्हे म्हणून. तिनं "मी येते, मॅडम" एवढं म्हटलं आणि फोन ठेवला.

तातेराव चष्मा काढून बसले होते. डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. कचरू घाबरून बघत होता.

"काय झालं, तातेराव? पोरीला न्हाई म्हन्ले का काय?"

"न्हाई रे," तातेराव म्हणाले. "आज माझं नाव लागलं."