झिऱ्यावरचा पहिला दगड

पावणेदोन वर्षं आम्ही नवराबायको मॅटॅडोरमध्ये राहिलो. नाशिकची भाड्याची खोली सोडून दिली होती. ओळखपत्रांसाठी पाड्यापाड्यावर माणसांचे फोटो काढायचे, गाडीतच काळ्या कापडाआड ते धुवायचे, वाटायचे आणि पुढचा पाडा गाठायचा, असं काम. मागे स्टोव्ह, बाकावर गादी, टपावर पाण्याचे दोन कॅन. कुणी विचारलं की त्या दिवसांच्या गमती सांगतो. झिऱ्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यात गाडी पोशेऱ्याच्या पुढे एका पाड्याखाली लावली होती. उजाडायच्या आत मी कॅन घेऊन ओढ्यात उतरायचो. ओढा कोरडा. पात्रात हातभर खोल खड्डा खणलेला, त्यात रात्रभर पाझरून पाणी काठोकाठ साचायचं. तोच झिरा. शेजारी रिकाम्या हंड्यांची रांग आणि रांगेच्या तोंडाशी एक चपटा दगड. मी त्यावर साबणाची वडी ठेवायचो, तोंड धुवायचो, दोन्ही कॅन भरून वर यायचो. तिथं कुणी नसायचं. मला वाटायचं, काय सोय आहे बघा.

बाजाराच्या दिवशी आम्ही जव्हारला जायचो. रॉकेल, बटाटे, फोटोचा कागद, डेपोसमोरच्या बूथवरून हिच्या माहेरी फोन. डिझेल भरायचो त्या पंपावर नळ होता, त्याला पाणी असायचं. कॅन रिकामेच जायचे आणि रिकामेच यायचे. पाणी काय, पाड्यावर मिळतंच.

एकदा जाग उशिरा आली. उतरून बघतो तर प्रत्येक हंड्याशी एकेक बाई बसलेली, झिरा काठोकाठ भरलेला, आणि पाण्याला हात कुणीच लावलेला नाही.

"काय पडलंय का पाण्यात?" मी विचारलं.

"काय नाय पडलं," पुढची म्हातारी म्हणाली. "तुझी वाट बघतो. दगड सुका हाय ना अजून."

मला कळेना. तिनंच सांगितलं. ज्याचं भांडं नाही त्याचा नंबर दगडावर. पहिला दगड गाडीचा. तो ओला दिसला की तू नेलंस असं समजायचं, मग आम्ही भरायचं.

"पण माझा नंबर लावला कुणी?"

"आमीच. पावणा हास ना. आन तुझ्या गाडीला तहान लई." बाया हसल्या.

मी रांगेकडं पाहिलं. "सगळ्यांना पुरतं?"

म्हातारीनं हनुवटीनंच शेवटचा हंडा दाखवला. त्यामागं एक पोरसवदा बाई बसली होती, पदराखाली तान्हं मूल. आदल्याच दिवशी मी तिचा फोटो काढला होता. "तिला नाय पुरत. बाळंतीण, मागून येते. ती खाली नदीवर जाते."

नदी म्हणजे अख्खी दरी उतरून जायचं. मूल पाठीला बांधून, आणि येताना भरला हंडा डोक्यावर. किती दिवस, ते मी मोजू शकत होतो. त्या पाण्यानं आम्ही अंघोळी केल्या, काच पुसली, फोटो तीन-तीनदा खळबळून धुतले. तिचाही.

मी सुन्न झालो, हे खरं. पण पुढचं जास्त खरं आहे. सगळ्या बघत असताना मी खाली बसलो आणि दोन्ही कॅन भरले. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. दगडावर पाणी सांडलं, तो ओला झाला, बाया उठल्या. ती बाळंतीण रिकामा हंडा उचलून खालच्या वाटेला लागेपर्यंत मी तिथं थांबलोही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी हलवली. हिला म्हणालो, "इथलं काम झालं." झालं नव्हतं.

पुढच्या बाजाराला जव्हारात ती म्हातारी करवंदं घेऊन बसलेली. मला बघून ओरडली, "ये दादा, गाडी कवा येते? दगड सुकाच हाय. ऊन चढंस्तोवर वाट बघतो आमी."

ही पिशवी धरून शेजारी उभी. "कसला दगड, अहो?"

काढून टाका तो दगड, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणालो असतो तर हिला सगळं सांगावं लागलं असतं.

"येतो," मी म्हातारीला म्हणालो आणि करवंदं घेतली.