दुसरी फेरी

"पोरी, घाबरायचं. घाबरायला काय पैसं पडत न्हाईत. पर हात हलू द्यायचा न्हाय."

मी गाडी शिकायला बसले तेव्हा आबांनी सांगितलेलं हे पहिलं वाक्य. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, ते नंतर. बावन्नाव्या वर्षी मला 'पोरी' म्हणणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं, म्हणून मी त्यांचं मुकाट ऐकत असे. आबा म्हणजे विंग कमांडर दिनकर खोत, वीरचक्र. आमच्या उचगावच्या घराला त्यांच्या घराची भिंत लागून. एकाहत्तरच्या लढाईत ते हंटर विमान चालवत. वर आभाळात विमानांशी झुंजणारे वैमानिक वेगळे. आबांचं काम खाली उतरून पुलांवर, रणगाड्यांवर मारा करायचं. आता काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं विझत चालली होती, गाडी दारात धूळ खात होती, आणि शिवणक्लास बंद करून मी रिकामी झाले होते. "गाडी माझी, डोळं तुझं, अक्कल माझी," असा आमचा करार झाला.

इंग्रजी ते फक्त बँकेत बोलत. बाकी सगळा कारभार रांगड्या कोल्हापुरीत. "आरशात बघ की! मागनं येणारा काय सांगून येत न्हाय." "गिअर हाय त्यो, मुसळ न्हवं." माझा नवरा गॅलरीतून हे ऐकून खो खो हसायचा. स्वतः मात्र माझ्या गाडीत बसायला तयार नव्हता.

त्यांच्या एका नियमापायी मात्र माझा जीव मेटाकुटीला यायचा. वळण चुकलं तर मागं फिरायचं नाही. "टार्गेट चुकलं, सोडून द्यायचं. पुढं जायचं. पैल्या फेरीला खालची माणसं बेसावध असत्यात. दुसऱ्या फेरीला बंदुका रोखून वाट बघत्यात. दुसरी फेरी मारायची न्हाय." मी म्हणे, "आबा, अहो लक्ष्मीपुरीत मिरच्या घ्यायच्यात, तिथं कोण बंदुका घेऊन बसलंय?" पण छे! एकदा शिरोलीला वळण चुकलं ते आम्ही थेट जयसिंगपूरला पोचलो. मिरच्या तिथंच घेतल्या. "जयसिंगपूरच्या मिरच्या काय गोड असत्यात व्हय?" एवढंच म्हणाले, आणि वाटेत उसाचा रस पाजला.

घरातही तेच. छत्री विसरली तर विसरली. पानात भात दुसऱ्यांदा घेत नसत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर पहिल्याच वाढीला डोंगर करून ठेवायच्या, असं ते सांगत आणि मग उगाच खिडकीबाहेर बघत बसत.

थंडी पडली की आम्ही सकाळी लवकर निघत असू. पंचगंगेच्या काठानं धुकं उसावर टेकलेलं असे. वर नुसते तुरे दिसत, पांढरे, हलकेच डुलणारे. गाडी कडेला लावून आम्ही काचा खाली करून बसायचो. त्या धुक्यात आबांचा आवाजसुद्धा मऊ होई. "असंच दिसायचं, पोरी. झाडाच्या शेंड्याला घासून जायचं आमी. बाया धुणं टाकून वर बघायच्या. कोंबड्या उधळायच्या. कुणाच्या तरी चुलीचा धूर दिसायचा. पर त्यांचा आवाज न्हाय, वास न्हाय. सपनात गेल्यागत. धूर दिसतोय आणि वास येत न्हाय, ह्ये लई वंगाळ वाटायचं बघ." कुठल्याशा गुऱ्हाळाचा गुळाचा वास यायचा. ते डोळे मिटून घ्यायचे. "पेन्शन घिऊन मी हितं का आलो, ठावं हाय? वासासाठी." अशा वेळी मलाही वाटे, ही गाडी, हा रस्ता, आम्ही दोघं, सगळं जमिनीपासून जरा वर उचललं गेलंय. परत गिअर टाकायला नको वाटे.

अशाच एका सकाळी धुक्यातून उसानं भरलेली बैलगाडी एकदम समोर आली. मी घाबरून हॉर्न दाबला. डावा बैल बुजला, गाडी कलली. गाडीवानानं खाली उडी टाकली, पण बाजूला पळाला नाही. बैलाच्या तोंडाकडे धावला आणि त्याच्या मानेला मिठी मारून उभा राहिला. आबांनी माझं मनगट धरलं. "बंद कर. गाडी बंद कर." गाडी बंद झाली तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

बैलगाडी निघून गेली तरी आम्ही तिथंच होतो. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

लढाईत एका कालव्यावरचा पूल पाडायचा होता. पुढच्या विमानात आबा, मागच्या विमानात त्यांचा जोडीदार शामू. कोडोलीचा. दोघं एकाच जिल्ह्यातले, म्हणून तळावर जेवायला, झोपायला, भांडायला बरोबर. आबा पुलावर झेपावले आणि ऐन क्षणी त्यांना पुलावर बैलगाडी दिसली. बैल बुजलेले, गाडीवान बैलाच्या मानेला लोंबकळलेला. आबांनी रॉकेट न सोडताच विमान वर घेतलं.

"शहरातला पायलट असता तर म्हणाला असता, माणूस हाय, पळंल. मी शेतकऱ्याचा पोरगा. बैल सोडून माणूस पळत न्हाय, ह्ये मला म्हाईत. त्याला जरा येळ दिला. लांबनं वळसा घातला आणि परत आलो."

परत आले तेव्हा पूल मोकळा होता. आणि खालच्या तोफा जाग्या झाल्या होत्या. झेपावण्याआधी आबांनी रेडिओवर विचारलं, "शाम्या, हाईस न्हवं?" रेडिओवर इंग्रजीच बोलायचा कायदा. तिकडून उत्तर आलं, "हाय की." आबांचं रॉकेट लागलं, पूल पडला. वळून बघितलं तर मागे कालव्याच्या पलीकडे शेतात शामूचं विमान जळत होतं. मृतदेह मिळाला नाही. पुन्हा चालून जाण्याच्या धैर्याबद्दल आबांना वीरचक्र मिळालं.

सुट्टीत ते कोडोलीला गेले होते. शामूचे वडील दारात उभे राहिले. "माझा पोरगा तुमच्या मागनं गेलता. तुमी आलासा, त्यो का न्हाय आला?" "पुन्यांदा ह्या दारात येऊ नगा," म्हणाले ते. आबा गेले नाहीत. पन्नास वर्षं उलटली.

"शामूची भैन हाय तिथं अजून. कमळाक्का. तिला सांगायचं ऱ्हायलंय, की ती फेरी माझी हुती. शिव्या दिऊ दे, दारातनं हाकलू दे. पर डोळं हाईत तवर, तिच्या तोंडाकडं बघून सांगायचंय."

"मग चला की!"

"तिच्या बानं येऊ नगं म्हटलंय."

मला असा राग आला म्हणून सांगू! "आबा, बा आता आहेत का? जन्मभर वळणं चुकवून मला जयसिंगपूरला नेलंत, आता एकदा तरी मागं फिरा. मारा दुसरी फेरी!" एवढ्या मोठ्या माणसाला मी ओरडले, आणि लगेच जीभ चावली.

त्या आठवड्यातच ते सकाळी दारात आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. छातीवर पदक नव्हतं. "कोडोली," एवढंच म्हणाले. वाठारच्या फाट्यावर मी नीट वळले, तरी शाबासकी मिळाली नाही. वाटभर ते मूठ मिटून बसले होते.

कमळाक्का घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वाळकं, ताठ अंग, डोईवर पदर. "कोण पावणं?" आबांनी नाव सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. बसा म्हणाल्या नाहीत. आबा उभ्यानंच बोलले. पूल, गाडीवान, बुजलेले बैल, वळसा. शेवटी म्हणाले, "पैल्याच फेरीला मारलं असतं तर शामू आज असता. दुसरी फेरी माझी. त्यो नुसता माझ्या मागनं आला."

मी खांबाला टेकून उभी होते. अक्कांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. मला वाटलं, आता उठतील आणि हाकलतील.

"गाडीवान वाचला?" त्यांनी विचारलं.

"वाचला. दुसऱ्यांदा आलो तवा बैल घिऊन पल्याड लिंबाखाली हुता. बघितला मी."

"बैल सोडून कोण पळतंय व्हय," अक्का स्वतःशीच म्हणाल्या. मग मान वर करून आबांकडे बघितलं. "पोरंबाळं झाली असतील त्याला."

"असतील की. नातवंडंबी."

"आमच्या शामूला समदी म्हणत्यात, देशासाठी गेला. शाळेत फोटू हाय त्याचा, हार घालत्यात. मी बी हात जोडती. पर देश लई मोठा हाय ओ दादा, मला कवा दिसलाच न्हाय. रातच्याला वाटायचं, माझा भाऊ उगंच गेला का काय. ह्यो गाडीवाला दिसतोय मला. लिंबाखाली हुबा ऱ्हायल्याला दिसतोय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं सांगायला एवढी वर्सं लावलीसा व्हय?"

आबा मटकन खाली बसले, शेंगांच्या टरफलांतच, आणि मोठ्यानं रडले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

जेवल्याशिवाय अक्कांनी सोडलं नाही. निघताना गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीला या. वाट बघती."

पावसाळ्यातच आबा गेले, दुपारच्या झोपेत. भाऊबिजेला मी एकटीनंच गाडी काढली. कोडोलीत अक्का दारातच उभ्या होत्या. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यांनी बघितलं. त्यांना कळवायचं धाडस मला झालं नव्हतं. काही न विचारता त्यांनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. सोप्यात दोन पाट मांडले होते, एक शामूसाठी, एक आबांसाठी. दोन्हींभोवती रांगोळी होती.

"तू हितं बाजूला बस," त्या म्हणाल्या, "मी आता दोघांस्नीबी ओवाळती."