घर न्हवतं

आमच्या कट्ट्यावर दर रविवारी संध्याकाळी जगाची चिंता वाहिली जाते. सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहापंधरा जण जमतो. निवृत्त प्राध्यापक, एक डॉक्टरीणबाई, दोघे-तिघे संगणकवाले आणि बँकेतली मी. मुलांच्या हातातला फोन, यंत्रांची नीती, संस्कृतीचं पुढे काय होणार, आम्हाला काहीच वर्ज्य नाही. चहा येईपर्यंत सगळेच फार विचारी असतात.

मागच्या महिन्यात विषय होता, ‘यंत्राला आपली मराठी कळते का?’ मांडणी माझ्याकडे होती. आपण बोललेलं फोन आपोआप लिहितो. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत सगळ्यांना दाखवायचं, अशी माझी कल्पना. बोलायला मी माझ्या सासूबाईंना न्यायचं ठरवलं. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या जवळच्याच मंद्रूप गावच्या, आणि आमच्या कट्ट्याला अस्सल बोलीचं भारी कौतुक. खरं सांगायचं तर मला थोडं मिरवायचंही होतं.

आत्या ठेवणीतलं इरकल नेसून निघाल्या. रिक्षात सारखं विचारत होत्या, "पर बोलू काय ग मी?"

"सोलापुरात कशा आलात ते सांगा की," मी म्हणाले.

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि लांबच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं बोलल्या, "आमी मंद्रूपवरनं हितं आलो तवा आमास्नी घर न्हवतं."

भिंतीवर उमटलं, ‘आम्ही मंद्रूपवरून इथे आलो तेव्हा आम्हाला घर नवं होतं.’

सगळे खो खो हसले. वाईट मनानं कुणी हसलं नाही, यंत्रालाच हसले. पण आत्यांना ते कसं कळावं? त्यांनी ओठ हलवत सावकाश भिंतीवरची ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "नवं न्हाय ग. न्हवतंच की घर."

यंत्र चुकलं, हाच तर माझा मुद्दा होता. तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, मीही हसत होते, आणि माझ्या तोंडून गेलं, "आत्या, जरा शुद्ध बोला ना."

त्यांनी पदर सारखा केला. शाळेत उभं केल्यासारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "घर नव्हते."

यंत्रानं बिनचूक लिहिलं. टाळ्या पडल्या.

मग चर्चा रंगली. चूक यंत्राची की घडवणाऱ्यांची, बोलींना न्याय कोण देणार, वगैरे. मी बोलले, आणि चांगलं बोलले, याचीच आता जास्त लाज वाटते. आत्या कोपऱ्यात चहाचा कप धरून बसून होत्या. घर नव्हतं तर बाई, तुम्ही राहिलात कुठे, हे कुणीही विचारलं नाही. मीही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते ठाऊकच नव्हतं. परतताना रिक्षात हे ध्यानात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून आत्या माझ्याशी ‘इथे’, ‘तेव्हा’ असं बोलतात. स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर ‘हितं’, ‘तवा’ अगदी मोकळं चाललेलं असतं. मी आत गेले की आवाज खाली येतो. आपल्याच घरात माणूस पाहुण्यासारखं बोलायला लागलं आणि ते मी केलं.

परवा त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी धीर करून शेजारी बसले. "आत्या, घर नव्हतं तेव्हा तुम्ही राहायचात कुठे?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात फोन होता. असतोच.

"कुणाला सांगायचं आहे? तुला का त्याला?"

"मला," मी म्हणाले, आणि फोन आतल्या खोलीत ठेवून आले.

त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. ओठ हलले, काहीतरी अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मग ते गिळून, शब्द जपून उचलत त्या म्हणाल्या, "आता काही आठवत नाही."