सुरंगीने ओ दिली

माझ्या भाचीच्या बारशाला मी पाळण्यात वाकून तिचं नाव घेतलं आणि लगेच ‘ओ’ आली. भाची तेव्हा बारा दिवसांची होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई वाढवून सांगते. सांगतेच. पण ही ‘ओ’ मात्र जशीच्या तशी आहे, तिला मी हात लावलेला नाही!

तेव्हा महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. माझं माहेर देवबागच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला. दादाच्या घरी पहिलं मूल झालं ते महिन्याभरातच गेलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी ही मुलगी. वहिनी तिला कुणाच्या हातात द्यायची नाही, रात्री तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. मला तिची दया यायची आणि थोडा रागही यायचा, कारण नाव ठेवायचा मान आत्येचा, आणि आत्या मी, आणि माझ्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं.

मी सावंतवाडीला दिलेली. घरी मासिकं यायची आणि ती मी वाचायचे, एवढ्यावर मी स्वतःला विदुषी समजत असे. (ह्यांचं मत वेगळं होतं.) मी ठरवलं, नाव असं द्यायचं की अख्ख्या पंचक्रोशीत दुसरं सापडता कामा नये. अर्थ गोड हवा, मूळ आपल्या मातीतलं हवं. शोधून शोधून नाव काढलं, सुरंगी. आमच्याकडे सुरंगीचा वळेसार, म्हणजे गजरा, माळला नाही अशी बाई नाही. फुलं सुकली तरी त्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही. पण मुलीला ते नाव दिलेलं मी कुठे ऐकलं नव्हतं.

खात्री करायला मी बारशाच्या आधी माहेरच्या वाडीत घरोघर फिरले. पाळण्यात पडेपर्यंत नाव कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मी माझं नाव पोटात ठेवून सगळ्या बायकांना त्यांची नावं तेवढी विचारली. लक्ष्मी, सत्यभामा, रुक्मिणी, पुन्हा लक्ष्मी. मासे विकणारी म्हातारी काकी वाटेत भेटली, तिलाही विचारलं. ती म्हणाली, “पार्वती. माका वळाखणस नाय काय गो?” एकही सुरंगी निघाली नाही. मी विजयी मुद्रेने घरी आले.

बारसं दुपारचं होतं. बायका जमल्या, घुगऱ्या झाल्या, मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात म्हटलं, “सुरंगी!”

“ओ,” असं आलं.

आवाज बाईचा होता, थकलेला, आणि अगदी जवळचा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाळ झोपलं होतं. मी पाळण्याखाली वाकून पाहिलं, तिथे मांजरही नव्हतं. दादा मागच्या दारी धावला. मागे दगडी कुंपणाचा गडगा, गडग्यापलीकडे पाऊलवाट, आणि भर दुपारचं ऊन. माणूस कुणी नव्हतं. तो परत आला तेव्हा निम्म्या बायका घुगऱ्या पदरात बांधून घरी गेलेल्या होत्या.

मी म्हटलं भास असेल. एकाच वेळी पंधरावीस बायकांना एकच भास! पण विदुषीपणा सोडवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादाने परीक्षा घेतली. सकाळी अंगणात उभं राहून त्याने नावाने हाका मारल्या, मागच्या दारी मारल्या, विहिरीत तोंड घालूनही एक मारली. काही नाही. त्याला धीर आला. दुपारी वहिनी मागच्या पडवीत बाळाला तेल लावत होती. तिने लाडाने, अगदी हळू म्हटलं, “सुरंगी गो...”

“ओ गे,” असं गडग्यापलीकडून आलं. आणि पाठोपाठ घाईने दूर जाणाऱ्या पावलांचा आवाज.

त्याच्या दुसऱ्या दुपारी तर ओ आली आणि तिच्याबरोबर सुरंगीचा वास आला. दिवस कार्तिकातले. सुरंगी फुलते होळीच्या सुमाराला. त्या वेळी अख्ख्या तालुक्यात एका झाडाला एक कळी सापडली नसती, आणि आमची पडवी वासाने भरून गेली होती! मला त्या क्षणी सावंतवाडीची, ह्यांची आणि ह्यांच्या घोरण्याचीसुद्धा आठवण झाली.

वहिनी बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. रडत नव्हती, तेच वाईट. म्हणाली, “वन्सं, ह्या नाव कोणाचातरी आसा. मेलेल्या बाईचा. ती आपला नाव मागूक येता, आणि नाव गावला नाय तर पोरीक घेऊन जातली.”

मी मनातल्या मनात मासिकं चाळली. मासिकात असलं काही येत नसे.

त्या दिवसापासून घरात नाव बंद झालं. बाळाला ‘ती’ म्हणायचं. ‘ती उठली’, ‘ती भुकेली’. आता घरात ‘ती’ दोन झाल्या होत्या, एक पाळण्यातली आणि एक गडग्यापलीकडची, त्यामुळे ‘ती आली’ असं कुणी म्हटलं की सगळे उड्या मारायचे. दादा रोज मला विचारायचा की मालती नावात काय खोट होती. शेवटी ठरलं, ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा. देवीने उजवा कौल दिला तर नाव ठेवायचं, डावा दिला तर मालती ठेवायचं आणि मी गप्प बसायचं.

आम्ही देवळात गेलो. गर्दी नको म्हणून देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांनी टळटळीत दुपारची वेळ दिली होती. गाभाऱ्यात समईचा तेवढा उजेड. आमचे गावकर धिप्पाड, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. वहिनी बाळाला घेऊन खांबाला टेकून बसली. गावकरांनी हात जोडले.

“बा देवी म्हाराज्या! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी इली हत...”

“होय म्हाराजा,” दादाने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी साथ दिली.

“त्येंच्या घरात जा काय वायट-वंगाळ शिरला आसात, ता बारा वाटेन भायर काढ...”

“होय म्हाराजा!”

“आणि ह्या लेकराक जा नाव दिला, सुरंगी...”

“ओ,” मागून आवाज आला.

दादा आणि सोबत्यांचं ‘होय’ बाहेर पडलं होतं, ‘म्हाराजा’ मागेच राहिला. गावकरांचे जोडलेले हात तसेच वर राहिले. आणि देवळात सुरंगीचा वास पसरला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहणार होते, पण मानेने नकार दिला.

पाहिलं वहिनीने. पोर कुशीत घट्ट धरून ती उठली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, “कोण गे तू? माझी पोर मी देवची नाय.”

दारात पार्वतीकाकी उभी होती. धुवट लुगडं, अंबाड्यात सुकून तपकिरी झालेला वळेसार, आणि डोळ्यांतून पाणी.

“माका हाक कोण मारता?” ती म्हणाली. “माझी आवस की काय?”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. काकीचं माहेरचं नाव सुरंगी. लग्नात नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहिलं, पार्वती, आणि सुरंगी तिकडे माहेरीच राहिली. त्या नावाने हाक मारणारी एकच उरली होती, तिची आई, आणि ती जाऊनही जन्म लोटला होता. बाजारातून रिकामी पाटी घेऊन काकी रोज दुपारी आमच्या गडग्यामागून जायची. तिथे भर उन्हात, माणूस दिसत नसताना, बाईच्या आवाजात तिला ते नाव ऐकू आलं. सवयीने तोंडातून ओ गेली आणि मग भीतीने ती पळत सुटली. पहिल्या दिवशी तर पाटीसकट करवंदीच्या जाळीत बसून राहिली होती. आई न्यायला आली, असंच तिने धरलं. मासे विकायची पाटी सुनेला देऊन टाकली. लग्नातला वळेसार पेटीतून काढून माळायला लागली, आईने ओळखावं म्हणून. बाकी सगळी तयारी झाल्यावर आपली वेळ खरंच आली का, ते देवीला विचारायला ती आज आली होती.

म्हणजे ज्या बाईला आम्ही भूत समजून घाबरलो होतो, ती आम्हाला भूत समजून मरायची तयारी करत होती!

वहिनी पुढे गेली आणि आजवर कुणाच्या हातात न दिलेलं बाळ तिने काकीच्या हातात ठेवलं. “ही मारता हाक तुका,” ती म्हणाली. “बोलाक शिकली काय मारतली. तोवर मरा नको.”

काकीने बाळाचं टोपडं सारखं केलं. “नाव वापरलेला आसा,” ती म्हणाली, “पण फाटूक नाय खंय.”

कौल उजवा झाला. गावकरांनी पुढे गावभर सांगितलं की आपण गाऱ्हाण्याच्या जोरावर सुरंगी बाहेर काढली, आणि एका अर्थी ते खरंच होतं. काकीने सुनेकडून पाटी परत घेतली. (सून जरा नाराज झाली.) वहिनी रात्री झोपायला लागली. आणि माझ्या दुर्मिळ नावाचं म्हणाल, तर ही गोष्ट ऐकून पुढच्या काही वर्षांत वाडीत ज्याला मुलगी झाली त्याने तिचं नाव सुरंगी ठेवलं. कुणी एक हाक मारली की चार घरांतून ओ यायची, आणि त्यात पहिली काकीची.

मी सासरी परत निघाले त्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. आदल्या दिवशी काकीने मला विचारलं होतं, “तुझा माहेरचा नाव काय गो? सगळी तुका बायोच म्हणतत.” मला क्षणभर आठवावं लागलं. सासरी मी सुलोचना, माहेरी बायो. मग म्हटलं, “द्वारका.”

वहिनी मला एस.टी.पर्यंत पोचवायला आली होती. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मागून कुणीतरी जीव तोडून हाका मारत होतं, “द्वारका! गे द्वारका!” हाका जवळ येत होत्या आणि ओ काही येईना. शेवटी मला राहवलं नाही.

“वहिनी,” मी म्हटलं, “बघ गो कोण ही द्वारका. म्हातारी हाका मारून दमली, आणि ही भवानी ओसुद्धा देत नाही.”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. काकी धापा टाकत खिडकीपाशी आली आणि सुक्या मासळीचं पुडकं तिने माझ्याच हातात कोंबलं.